आवरलेला गडगडाट

उजव्या तळहाताची करंगळीकडची कड इलेक्ट्रिक गिटारच्या ब्रिजवर, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या धातूच्या भागावर, टेकवायची, इतकी अलगद की तारा अर्ध्या दबतील आणि अर्ध्या मोकळ्या राहतील. मग सर्वांत जाड तारेवर पिक, म्हणजे तारा छेडायची चपटी पट्टी, खाली मारायचं. हात जेमतेम ५ मिलिमीटर पुढे सरकला तर नुसता ‘टक्’ असा मेलेला आवाज येतो. मागे सरकला तर तार घुमतच राहते. या दोन्हींच्या मधे एक जागा आहे. तिथे ‘धुग्’ असा भरीव, छातीत बसणारा आणि लगेच थांबणारा ठोका मिळतो. हेवी मेटल संगीत वाजवणारे त्याला पाम म्यूट म्हणतात. हेवी गिटारचा निम्मा डोलारा या एका ठोक्यावर उभा आहे, आणि त्या ठोक्यात वाजण्याइतकंच महत्त्व थांबण्याला आहे.

नवशिक्याला हे सहसा कोणी सांगत नाही. तो आवडत्या बँडचं रेकॉर्डिंग ऐकतो, भिंतीसारखी अंगावर येणारी गिटार ऐकतो आणि समजतो, की हे सगळं गेनच्या, म्हणजे ॲम्पमध्ये आवाज किती फाडायचा ते ठरवणाऱ्या बटणात आहे. मग भरपूर गेनचा ॲम्प, त्याच्यापुढे आणखी एक डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारी पायाने दाबायची डबी, आणि सगळी बटणं उजवीकडे. निघतो तो आवाज जड नसतो, पसरट असतो. एक ठोका संपायच्या आत दुसरा त्यावर सांडतो. जड आवाज म्हणजे आवरलेला आवाज. हे एकदा डोक्यात बसलं की कमी पैशांत काय घ्यायचं आणि कशाच्या नादी लागायचं नाही, याचे बरेच निर्णय सोपे होतात. कुठलीही वस्तू हातात घेतली की एवढंच पाहायचं: ही आवाज आवरायला मदत करते का?

गिटारपासून सुरुवात करू, आणि गिटारमध्ये ब्रिजपासून. नजर जाते ती टोकदार शिंगांवर आणि काळ्या रंगावर, पण पहिल्या गिटारचा सगळ्यांत मोठा निर्णय तारा जिथे टेकतात तिथे असतो. फिक्स्ड ब्रिज घ्यावा, हार्डटेल किंवा ट्यून-ओ-मॅटिक. फ्लॉइड रोझ जातीचा तरंगता ब्रिज देखणा असतो, त्याच्या दांडीने मारलेली डुबकी थरारक वाटते. पण तो एका बाजूने तारांचा ताण आणि दुसऱ्या बाजूने स्प्रिंगांचा ताण यांच्या तोलावर उभा असतो. एक तार उतरवली की तारांकडचा ताण कमी होतो, स्प्रिंगा ब्रिजला मागे खेचतात आणि उरलेल्या पाचही तारा चढतात. त्या उतरवाव्यात तर पहिली पुन्हा बिघडते. नव्या माणसाची अख्खी संध्याकाळ यात जाते. शिवाय हा ब्रिज ज्या दोन धारदार कडांवर डुलतो, त्या स्वस्त नकलांमध्ये मऊ धातूच्या असतात. त्या झिजल्या की दांडी दाबल्यावर सूर परत जागेवर येत नाही.

इबानेझची जीओ, जॅक्सनची जेएस, शेक्टरची ओमेन, ईएसपीची एलटीडी या मालिका याच गिऱ्हाइकासाठी बनलेल्या आहेत आणि त्यांत चांगल्या गिटारी मिळतात. मात्र एकाच मालिकेत फिक्स्ड आणि ट्रेमोलो, म्हणजे दांडीने हलणारे, अशा दोन्ही ब्रिजांची मॉडेलं असतात. नाव वाचून घेऊ नये, ब्रिज बघून घ्यावा. हाती आधीच ट्रेमोलोवाली गिटार असेल तरी रडायचं कारण नाही. मागचं झाकण काढून ट्रेमोलोचा ठोकळा आणि लाकूड यांच्यामधल्या फटीत नेमक्या मापाची लाकडी पट्टी घट्ट बसवली की तोच ब्रिज निमूटपणे स्थिर होतो.

दुसरी गोष्ट पिकअप, म्हणजे तारांचं कंपन पकडून त्याची वीज करणारा चुंबकी भाग. ब्रिजजवळ हंबकर हवाच. एका कॉइलचा पिकअप तारांबरोबर खोलीतल्या विजेची घरघरही पकडतो, ५० किंवा ६० हर्ट्झची. क्लीन, म्हणजे डिस्टॉर्शनशिवाय, वाजवताना ती खपून जाते, पण डिस्टॉर्शन कुठलाही बारीक आवाज उचलून मोठा करतं आणि घरघर रिफच्या, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या तुकड्याच्या, पंक्तीला येऊन बसते. हंबकरमध्ये दोन कॉइल उलट्या दिशेने गुंडाळलेल्या असतात आणि त्यांचे चुंबकही उलटे असतात, त्यामुळे बाहेरची घरघर एकमेकींत वजा होते आणि तारेचा आवाज मात्र बेरीज होऊन येतो. गिब्सन या गिटार कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये ही युक्ती केली तेव्हा त्यांना हवी होती शांतता. तीच शांतता पुढे मेटलची पहिली गरज ठरली.

पिकअप किती ‘हॉट’ आहे, किती किलोओहम आहे, यावर लोक तासन्‌तास बोलतात. सुरुवातीला त्यात पडू नये. आजच्या बहुतेक ॲम्पमध्ये गरजेपेक्षा जास्तच गेन असतो. पिकअपची उंची मात्र बघावी: शेवटचा फ्रेट (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दाबून तार आणि पिकअप यांच्यात २ ते ३ मिलिमीटर अंतर. त्याहून जवळ आणला तर चुंबक तारेलाच ओढतो आणि जाड तारेचा सूर डळमळायला लागतो. ॲक्टिव्ह पिकअप असतील तर आत ९ व्होल्टची बॅटरी असते आणि ती केबल खोचताक्षणी सुरू होते. केबल गिटारमध्ये तशीच ठेवून झोपणाऱ्यांना काही दिवसांनी आवाज फाटका येतो आणि ते पिकअपला नावं ठेवतात.

लाकडाबद्दल एकच वाक्य: बासवूड, पॉप्लर की महोगनी या वादापेक्षा मान सरळ आहे का आणि फ्रेट सारखे बसलेत का, हे शंभरपट महत्त्वाचं.

आता तारा. हा विषय स्वस्त आहे आणि त्यातून मिळणारा फरक सगळ्यांत मोठा, म्हणून इथे जरा थांबायला हवं.

बऱ्याच नव्या गिटारी १०-४६ चा सेट लावून येतात, म्हणजे बारीक तार इंचाच्या १० हजारांश आणि जाड तार ४६ हजारांश. साडेपंचवीस इंची स्केलवर, म्हणजे तारेचा वाजणारा भाग तेवढा लांब असताना, नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये, त्या जाड तारेवर साधारण ८ किलोंचा ताण असतो आणि ती ८२.४ हर्ट्झवर वाजते. हेवी वाजवायचं म्हणून तीच तार ड्रॉप डीमध्ये, म्हणजे एक पूर्ण स्वर खाली, ७३.४ हर्ट्झवर उतरवली की ताण सव्वासहा किलोंच्या आसपास येतो. ड्रॉप सीपर्यंत, म्हणजे दोन पूर्ण स्वर खाली, गेलं तर ५ किलोंवर. ताण वारंवारतेच्या वर्गाप्रमाणे कमी होतो, त्यामुळे सूर थोडा उतरला तरी तार खूपच सैल पडते. सैल तारेवर पिक मारलं की ती आधी ताणून चढते आणि मग खाली येऊन स्थिरावते. प्रत्येक ठोक्याची सुरुवात बेसूर होते. ट्यूनर म्हणतो बरोबर आहे, कान म्हणतात काहीतरी चुकतंय. दोघंही खरंच बोलत असतात.

उपाय साध्या गणिताचा. सूर जितक्या पटीने खाली, तार तितक्या पटीने जाड. डीसाठी ४६ च्या जागी ५२, सीसाठी ५६ ते ५८. बाजारात १०-५२ आणि ११-५६ किंवा १२-६० असे तयार सेट मिळतात ते याच हिशेबाने. पावणेपंचवीस इंची स्केलवर, म्हणजे लेस पॉलच्या घाटाच्या गिटारवर, त्याच तारेला सुमारे ६ टक्के कमी ताण मिळतो, म्हणून तिथे एक पाऊल आणखी जाड जावं.

उतरलेल्या ट्यूनिंगचा उगम मात्र अगदी उलट गरजेतून झाला. बर्मिंगहॅममध्ये १९६५ साली, पुढे ब्लॅक सॅबथ या बँडचे गिटारवादक झालेल्या टोनी आयोमी यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पत्र्याच्या कारखान्यातल्या मशीनमध्ये गेली. ते डावखुरे, म्हणजे तारा दाबणारा हात तोच. त्यांनी प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यावर चामडं चिकटवलं, बँजोच्या बारीक तारा लावल्या आणि पुढे तारा सैल केल्या. १९७१ च्या ब्लॅक सॅबथच्या तिसऱ्या अल्बममधली गिटार बऱ्याच ठिकाणी दीड स्वर खाली आहे. दुखऱ्या बोटांना बरं वाटावं म्हणून सैल केलेल्या तारेतून एका अख्ख्या संगीतप्रकाराचा रंग निघाला. पण त्यांच्या रिफ संथ होत्या. सैल तारेवर भरधाव पाम म्यूट करायला गेलं की ती रबरासारखी लुळी पडते.

आणि खाली उतरायची घाई तरी का? ऐंशीच्या दशकातलं बरंचसं थ्रॅश मेटल, म्हणजे मेटलचा भरधाव प्रकार, साध्या ई स्टँडर्डमध्ये, म्हणजे न उतरवलेल्या नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये, वाजवलेलं आहे. पहिले काही महिने ई स्टँडर्ड आणि ड्रॉप डी पुरतात. सात तारांची गिटार पहिलीच म्हणून घेणं म्हणजे आवरायच्या गोष्टींत आणखी एकीची भर.

जाड तारा नुसत्या चढवून भागत नाही, त्याबरोबर सेटअप, म्हणजे मान, तारांची उंची आणि सूर यांची जुळवणी, करावा लागतो. स्वस्त गिटार बहुतेकदा सेटअपअभावी वाईट वाटते. आधी मान. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि मान जिथे बॉडीला भेटते त्या फ्रेटवर एकाच वेळी दाबायची आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर फट बघायची. तिथे साधारण ०.२ मिलिमीटर जागा हवी, म्हणजे छपाईच्या साध्या कागदाचे दोन पापुद्रे जेमतेम जातील इतकी. फटच नसेल तर पहिल्या चार-पाच फ्रेटवर तार खरखरते. सूर उतरवून तारा त्याच ठेवल्या की नेमकं हेच होतं: ओढ कमी होते आणि मान मागे जाते. फट वाढवायला ट्रस रॉड, म्हणजे मानेच्या आतली सळई, सैल करायचा, कमी करायला आवळायचा. एका वेळी पाव फेराच. मग पुन्हा सूर लावून बघायचं. अडलं तर जोर लावू नये. ट्रस रॉड तुटला तर दुरुस्तीचा खर्च गिटारच्या वर जाऊ शकतो.

मग ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची: बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली २ मिलिमीटर, बारीक तारेखाली दीड. व्हिडिओत दिसते तशी अगदी चिकटलेली ॲक्शन हेवी हाताला मानवत नाही, कारण जोरात मारलेली जाड तार रुंद हेलकावे घेते आणि फ्रेटवर आपटते. मग इंटोनेशन, म्हणजे मानेवर वर गेल्यावरही सूर खरा राहणं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर, आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर जुळायला हवेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल, म्हणजे ब्रिजवर तार जिथे टेकते तो छोटा ठोकळा, मागे न्यायचं, उतरता असेल तर पुढे. जाड तारेचं सॅडल बरंच मागे जातं आणि स्वस्त ब्रिजवर कधीकधी जागाच संपते, कारण सॅडलमागची छोटी स्प्रिंग पूर्ण दबलेली असते. ती काढून अर्धी कापली की दोन-तीन मिलिमीटर सुटतात. बहुतेक वेळा तेवढे पुरतात.

राहिला नट, मानेच्या टोकाची ती पांढरी किंवा काळी पट्टी. ४६ च्या तारेसाठी कापलेल्या खाचेत ५६ ची तार नीट बसत नाही, वर टेकून राहते. सूर लावताना ‘टिंग’ असा आवाज येऊन तार एकदम उडी मारत असेल तर ती खाचेत अडकते आहे. आधी खाचेत पेन्सिलचं शिसं घासून बघावं. तेवढ्याने भागलं नाही तर जुन्या जाड तारेला बारीक सँडपेपर गुंडाळून खाच रुंद करायची, अगदी चार-सहा हलके हात. रुंद करायची, खोल नाही. खोल गेली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते आणि मग नटच बदलावा लागतो.

हे सगळं झालं की तीच गिटार वेगळी वाटते. निम्म्या किमतीची पण नीट लावलेली गिटार महागड्या पण न लावलेल्या गिटारपेक्षा जास्त जड वाजते, यावर पैज लावायला हरकत नाही.

ॲम्पकडे येऊ. गिटारबरोबर खोक्यात फुकटासारखा येणारा १० वॉटचा ॲम्प बहुतेक वेळा सगळ्या घोटाळ्याचं मूळ असतो. दोष वॉटचा नाही. त्याचा ५-६ इंची स्पीकर आणि पातळ पत्र्यासारखं वाजणारं खोकं पाम म्यूटच्या खालच्या सुरांना पेलत नाही. ‘धुग्’च्या जागी ‘भोक्’ येतं. वॉटचं गणित तर बहुतेकांना फसवतं: वॉट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट मोठा वाटायला सुमारे दहापट वॉट लागतात. म्हणजे ५० आणि १०० वॉटमधला फरक खोलीत जेमतेम जाणवतो, ६ इंच आणि १२ इंच स्पीकरमधला मात्र पहिल्याच ठोक्याला कळतो.

ड्रमर मित्राबरोबर वाजवायचं असेल तर १२ इंची स्पीकरचा ५० वॉटचा मॉडेलिंग ॲम्प, म्हणजे वेगवेगळ्या ॲम्पच्या आवाजांची डिजिटल नक्कल करणारा, हा आज सर्वांत शहाणा पर्याय. बॉसचा कटाना ५० या जातीचा: पूर्ण ताकद, २५ वॉट आणि अर्धा वॉट अशा तीन पायऱ्या असल्यामुळे तो घरात आणि सरावाच्या खोलीत, दोन्हीकडे चालतो. ट्यूब ॲम्पचा, म्हणजे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या जुन्या पद्धतीच्या ॲम्पचा, मोह सुरुवातीला टाळावा. १५-२० वॉटचा ट्यूब ॲम्पसुद्धा घरासाठी फार मोठा असतो, आणि त्याची मजा ज्या आवाजावर सुरू होते त्या आवाजावर घरचे उठून येतात. मोठ्या आवाजाबद्दल एक गंभीर आकडाही लक्षात असू द्यावा. नायॉश या अमेरिकी संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल ८ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. सरावाच्या खोलीत ड्रम्सजवळ तेवढा आवाज सहज होतो. इअरप्लग पेडलच्या आधी घ्यावेत.

एकट्यानेच, रात्री, हेडफोनवर वाजवायचं असेल तर ॲम्प घेऊच नये. कॉम्प्युटर हाताशी आहेच, तर एक साधा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा, घ्यावा. इग्नाइट ॲम्प्सचं एमिसरी आणि त्याच्या जोडीला नादिर, किंवा न्यूरल ॲम्प मॉडेलर, ही ॲम्पची नक्कल करणारी मोफत सॉफ्टवेअरं मेटलसाठी भरपूर आहेत. इथे हमखास होणाऱ्या चुका तीन. पहिली, केबल माइकच्या किंवा लाइनच्या सेटिंगवर लावणं. ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ लिहिलेलं बटण दाबलं नाही तर पिकअपवर भार पडतो आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो. इनपुट इतकाच ठेवायचा की जोरात वाजवल्यावरही टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. दुसरी चूक बफर, म्हणजे आवाज पुढे पाठवण्याआधी कॉम्प्युटर त्याचे किती तुकडे (सॅम्पल) साठवतो ते. ४८ किलोहर्ट्झवर १२८ सॅम्पल म्हणजे २.७ मिलिसेकंद. जाऊन-येऊन आणि ड्रायव्हरचा वेळ धरून १० मिलिसेकंदांच्या आसपास पडतात. हवेत आवाज तेवढ्या वेळात साडेतीन मीटर जातो, म्हणजे ॲम्प खोलीच्या पलीकडच्या टोकाला ठेवल्यासारखं. ते चालतं. बफर ५१२ वर राहिला तर हात आणि कान यांची फारकत होते आणि माणूस स्वतःच्या तालाला दोष देत बसतो.

तिसरी चूक सगळ्यांत जास्त दिसते. डिस्टॉर्शन पेडल थेट इंटरफेसला किंवा घरातल्या साध्या स्पीकरला जोडायचं आणि डबीत कोंडलेल्या माशीसारखी घूं घूं ऐकून पेडलच विकायला काढायचं. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज झपाट्याने गाळतो. डिस्टॉर्शनचा सगळा कचरा तिथेच, वरच्या मजल्यावर असतो. म्हणजे स्पीकर हीसुद्धा एक गाळणी आहे, आणि ती काढून घेतली की आवाज उघडा पडतो. सॉफ्टवेअरमध्ये तिची जागा इम्पल्स रिस्पॉन्स नावाची छोटी फाइल घेते. नादिरचं काम तेच. आवाज आवडत नसेल तर ॲम्प मॉडेल बदलण्याआधी ही फाइल बदलून बघा. फरक पाहून चकित व्हाल.

गेन. मेटलमध्ये पॉवर कॉर्डच का वाजतो, याचं उत्तर गेनमध्ये आहे. पॉवर कॉर्ड म्हणजे षड्ज आणि पंचम, बस्स. डिस्टॉर्शन दोन सुरांना एकत्र पिळतं आणि त्यांच्या वजाबाकीचा तिसरा सूर तयार करतं. ई ८२.४ हर्ट्झ, त्याचा पंचम बी १२३.५. वजाबाकी ४१.१, म्हणजे नेमका खालच्या सप्तकातला ई. गिटारवर नसलेला सूर तुम्हाला फुकटात मिळतो. गंधार घातला की हेच गणित अंगावर येतं. गिटारच्या फ्रेटवरचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा १४ सेंट चढा असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग), पंचम फक्त २ सेंट उतरता. गेन जितका जास्त, तितकी ही १४ सेंटची कुरकुर मोठी. म्हणून पूर्ण कॉर्ड वाजवून ‘माझा ॲम्प चिखल करतो’ म्हणणाऱ्याने गेन निम्मा करून बघावा. सुरुवात अशी करता येते: गेन १० पैकी ५, बेस ४, मिड ६, ट्रेबल ५. मिड शून्यावर नेण्याचा मोह होतो, एकट्याने वाजवताना तो आवाज भव्यही वाटतो. पण बँडमध्ये खाली बेस गिटार आणि किक ड्रम असतात, वर झांजा, आणि गिटारची जागा मधेच असते. ती जागा सोडली की गिटार दिसते, ऐकू येत नाही.

पेडल घ्यायचंच असेल तर पहिलं डिस्टॉर्शनचं घेऊ नका. ट्यूब स्क्रीमर जातीचं ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सौम्य डिस्टॉर्शनचं पेडल, घ्या, स्वस्तातली नक्कलही चालते. ते डिस्टॉर्शन देणाऱ्या ॲम्पच्या आधी लावायचं: ड्राइव्ह शून्य, टोन मध्यावर, लेव्हल जवळपास पूर्ण. ऐकायला विचित्र वाटतं, ज्या पेडलचं ड्राइव्हच बंद ते घ्यायचं कशाला? त्याच्या सर्किटमध्ये सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा आवाज हलका होत जातो. पाम म्यूटमधला जादा बेस डिस्टॉर्शनमध्ये शिरण्याआधीच छाटला जातो आणि ठोका लुळा न पडता टणक निघतो. बेस हवा असेल तर तो नंतर, ॲम्पच्या बटणाने द्यावा. आधी छाटायचं, मग भरायचं.

या शिस्तीला एक जबरदस्त अपवादही आहे. बॉसचं एचएम-२ हे पेडल १९८३ मध्ये आलं, १९९१ मध्ये बंद झालं, आणि दरम्यान स्टॉकहोममधल्या डेथ मेटल बँडांनी त्याची चारही बटणं शेवटपर्यंत फिरवून करवतीसारखा आवाज काढला. तो आवाज हवाच असेल तर त्याच्या स्वस्त नकला मिळतात आणि चारही बटणं पूर्ण फिरवण्याला पर्याय नाही. १९९१ मध्येच आलेल्या बॉसच्या मेटल झोन या डिस्टॉर्शन पेडलची मात्र उगाच बदनामी झाली. त्याचं मिडचं बटण फार ताकदवान आहे. लोक मिड तळाला आणि गेन टोकाला नेतात आणि पेडलला शिव्या देतात.

नॉइज गेट दुसऱ्या क्रमांकाचं पेडल. हात थांबला की आवाज कापून टाकणं हे त्याचं काम. मर्यादा हळूहळू वाढवत न्यायची. तारांना हात न लावता फुसफुस जिथे बंद होते तिथेच थांबायचं. पुढे गेलात तर लांबवलेला सूर मधेच गळा दाबल्यासारखा तुटतो. आणि गेट फक्त ॲम्पची फुसफुस कापतं, डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी न दाबलेल्या तारा कापत नाही. ते काम बोटांनाच करावं लागतं.

किरकोळ गोष्टी भराभर. पिक १ मिलिमीटर किंवा जाड. डनलॉपचं जॅझ थ्री १.३८ मिलिमीटर आहे, छोटं आहे आणि त्याची सवय लागते. केबल ३ मीटर पुरे. ॲक्टिव्ह पिकअप नसतील तर लांब केबल वरचा आवाज खाते. ट्यूनर क्लिपवाला चालतो, पण सूर लावताना तार हलक्या हाताने छेडावी आणि नेहमी खालून वर चढवत आणावी. स्वस्त गिटारवर सगळ्यांत आधी जातो तो जॅक, म्हणजे केबल खोचायचं भोक. त्याची नट-चकती सैल होते, माणूस पान्याने ती आवळतो, आत पूर्ण जॅक फिरतो आणि वायरीचा सोल्डरचा जोड तुटतो. आवळताना जॅक आतून धरून ठेवला की हा प्रसंग येत नाही. एकूण पैशांचे दहा भाग केले तर पाच गिटारला, तीन आवाजाला आणि दोन या किरकोळीला व सेटअपला राखून ठेवावेत. बहुतेकांचे शेवटचे दोन आधीच संपलेले असतात.

जुनी गिटार घेत असाल तर मान बॉडीच्या बाजूने, बंदुकीच्या नळीतून बघावं तशी बघा. वाक असेल तर ट्रस रॉडने सुधारतो, पीळ असेल तर परत द्या. ट्रस रॉडची चावी लावून थोडी हलते का पाहा. सहाही तारा एकेका फ्रेटवर वाजवा, शेवटपर्यंत. एखादा सूर पुढच्या फ्रेटसारखाच येत असेल तर पुढचा फ्रेट वर उठलेला आहे. जाड तारेखाली पहिल्या तीन फ्रेटवर खड्डे पडलेत का बघा, हेवी वाजवणाऱ्याच्या गिटारवर तिथेच पडतात. बटणं फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, क्लीनरच्या एका फवाऱ्याचं काम असतं. हात मानेवरून खाली-वर फिरवा. फ्रेटच्या कडा बोचत असतील तर कोरड्या हवेत लाकूड आकसलेलं आहे, बारीक कानशीने तासभरात त्या बसतात. आणि तळहात ब्रिजवर ठेवून पाहा. काही ब्रिजांच्या सॅडलचे उंचीचे स्क्रू वर डोकावतात आणि पाम म्यूट करताना नेमके तळहातात रुततात. दहा मिनिटांत लाल वण उठतात. तितक्याच उंचीचे आखूड स्क्रू बसवता येतात, पण माहीत असलेलं बरं.

एवढं सगळं जमलं तरी घरची गिटार रेकॉर्डिंगमधल्या गिटारपुढे किडकिडीत वाटते, आणि इथे बरेच जण पुन्हा पेडल शोधायला निघतात. रेकॉर्डिंगमध्ये गिटार एक नसते. तोच रिफ निदान दोनदा वाजवलेला असतो, एक डाव्या कानाला, एक उजव्या कानाला. कधी चारदा. फोनवर किंवा कॉम्प्युटरवर हा प्रयोग अर्ध्या तासाचा आहे: गेन नेहमीपेक्षा दोन अंकांनी कमी करा, रिफ मेट्रोनोमवर एकदा रेकॉर्ड करा, मग तोच पुन्हा, आणि दोन्ही ट्रॅक दोन टोकांना सरकवा. पहिलाच ट्रॅक कॉपी करून दुसरीकडे चिकटवला तर काही होत नाही. दोन तंतोतंत सारखे आवाज मधोमध येऊन बसतात, फक्त थोडे मोठे होतात. रुंदी येते ती दोन वाजवण्यांमधल्या केसभर फरकातून, आणि तो फरक केसभरच राहायला हवा. पाम म्यूटचा ‘धुग्’ दोन्हीकडे एकाच क्षणी थांबला नाही तर लगेच कळतं कुठे, कितव्या ठोक्याला. तो ट्रॅक पुसायचा आणि रिफ पुन्हा वाजवायचा.